सर्कशीवर ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहिताय? या चुका टाळा

फिरत्या सर्कशीची पार्श्वभूमी घेतलेल्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांची हस्तलिखिते नाशिकमध्ये माझ्याकडे अभिप्रायासाठी येतात. सर्कस डबघाईला आली आहे हे त्यांत पहिल्याच पानावर सांगितलेले असते आणि शेवटच्या पानापर्यंत ते नुसते सांगितलेलेच राहते. मालक सुस्कारे टाकतो, तंबूला ठिगळे असतात, विदूषकाचे डोळे पाणावतात. मात्र कोणाचे किती देणे आहे, कालच्या खेळाचा गल्ला किती जमला आणि उद्याच्या वैरणीचे काय, याचा हिशेब कोठेही नसतो. माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक आहे, कारण अशा कादंबरीत नायक-नायिकेची ताटातूट खलनायकापेक्षा वैरणवाल्याची उधारी अधिक खात्रीने करते.

एका तरुण लेखकाच्या हस्तलिखितातली सर्कस 1911 सालची आणि गळ्यापर्यंत कर्जात बुडालेली होती, तरी तिच्याजवळ तीन हत्ती आणि पाच सिंह होते व ती श्रावणभर गोदाकाठी मुक्काम ठोकून होती. प्रौढ हत्ती दिवसाला शंभर ते दीडशे किलो चारा खातो आणि सिंहाला रोज पाच-सात किलो मांस लागते. मग पावसाने खेळ बंद असताना हे सर्व आले कोठून, असे मी त्याला विचारले. ‘सर, तो तपशील झाला, वाचकाला भावना हव्या असतात,’ असे उत्तर मिळाले. मी त्याच्याच पानाच्या मागे त्याला जमा-खर्च मांडायला लावले. पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत आल्यावर त्याच्या लक्षात आले की नायिका ज्या घोडीवर उभी राहून कसरत करते, ती घोडी विकण्यावाचून मालकापुढे मार्गच उरत नाही. घोडी गेली की तिचा खेळ गेला, खेळ गेला की पगार गेला, आणि पगाराबरोबर त्या तंबूत राहण्याचे कारणही गेले. ज्या प्रसंगासाठी त्याने तीन प्रकरणे चांदणे शिंपडले होते, तो प्रसंग त्या हिशेबात आयताच सापडला होता. लेखकाने मान डोलावली आणि काही महिन्यांनी सुधारित प्रत पाठवली. तिच्यात पिळदार मिशांचा एक सावकार नव्याने आला होता, चांदणे थोडे वाढले होते, आणि हत्ती पूर्वीप्रमाणेच उपाशी होते.

मी स्वतः प्रत्येक प्रकरणाआधी वहीत तारीख, मुक्काम, गल्ला आणि देणी अशा चार नोंदी करतो. ही सवय कंटाळवाणी आहे, हे मान्य. परंतु जो लेखक एवढाही कंटाळा सोसू शकत नाही, त्याने समकालीन प्रेमकथा लिहावी.

पावसाळ्याचे वेगळे सांगायला हवे. सुती तंबू पाऊस पिऊन जड होतो आणि मैदानाचा चिखल होतो, म्हणून त्या काळातली सर्कस पावसाळ्यात एका जागी बसून खात असे. गंगापूर धरण नसलेल्या काळात, ऐन श्रावणात, गोदावरीच्या पात्रालगत तंबू ठोकणारा मालक दिवाळखोर होणारच. त्यासाठी सावकार कशाला हवा?

दुसरी चूक लग्नाची आहे, आणि तिच्याबाबतीत माझी सहनशक्ती संपलेली आहे. 1912 साली जातीबाहेरचे प्रेमी ‘कोर्टात जाऊन लग्न करतात’ आणि संध्याकाळी तंबूत परततात. तेव्हा लागू असलेल्या 1872 च्या कायद्यानुसार नोंदणी विवाह करायचा, तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी इत्यादींपैकी कोणताही धर्म मानत नाही, असे दोघांनाही जाहीर करावे लागे. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना धर्म न नाकारता असा विवाह करण्याची मुभा 1923 च्या दुरुस्तीने मिळाली. देवभोळी नायिका, जी झुल्यावर चढण्यापूर्वी दोरीला हळदकुंकू लावते, ती हे प्रतिज्ञापत्र कोणत्या मनाने करील? कादंबरीचा गाभा ठरू शकेल असा हा प्रश्न लेखक एका वाक्यात उरकून टाकतात, कारण त्यांना शेवटाकडे पोहोचण्याची घाई असते.

नाशिकचा मुक्काम निवडताना साल तपासावे. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा तेथे नाटकाचा प्रयोग होता. त्यानंतर अवघ्या महिन्याने येथे येणारी सर्कस रात्रीच्या खेळाचा परवाना मागायला जाते आणि तिला कोणी काही विचारीत नाही, असे मी एका हस्तलिखितात वाचले आहे.

सर्कशीची वंशावळही उलटी लावू नये. विष्णुपंत छत्रे यांनी ग्रेट इंडियन सर्कस 1880 मध्ये सुरू केली, तर कीलेरी कुन्हिकण्णन यांची तलश्शेरीजवळची सर्कस शाळा 1901 ची आहे. त्यामुळे 1882 च्या कथेत त्या शाळेत शिकलेली मल्याळी झुलेवाली येऊ शकत नाही. तिकीट ‘पन्नास पैसे’ नसावे. दशमान नाणी 1957 पासून आली, त्यापूर्वी आठ आणे होते. 1911 च्या रिंगमास्टरच्या हाती ध्वनिक्षेपक देऊ नये.

राहता राहिले रिंगण. परदेशी चित्रपट पाहून आलेले लेखक ते क्रिकेटच्या मैदानाएवढे करतात. रूढ रिंगणाचा व्यास बेचाळीस फूट, म्हणजे सुमारे तेरा मीटर असतो, आणि तो धावत्या घोड्यावर उभ्या राहणाऱ्या स्वाराचा तोल सांभाळला जावा या हेतूने अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ठरला. तेव्हा नायक एका कडेला आणि नायिका समोरच्या कडेला उभी असली, तरी तिच्या कपाळावरचा घाम त्याला दिसतो. ‘दूरवरची अंधूक आकृती’ हे शब्द तेवढे खोडून टाकावेत.