फोटोग्राफरच्या वेबसाइटचं काम मिळालंय? थीम नंतर बघा, आधी फोटो बघा

जळगाव-धुळ्याकडं वेब डिझाइन सुरू करणाऱ्या पोरांना सुरुवातीला जी कामं मिळतात त्यात एखादा क्लासवाला असतो, एखादा दवाखाना असतो आणि एक तरी फोटो स्टुडिओ असतोच. क्लास आणि दवाखाना पटकन उरकतात, स्टुडिओचं काम अडकतं, कारण समोरचा माणूस स्वतः नजरेचा असतो, त्याला स्वतःचे सगळेच फोटो आवडतात आणि त्याने कुठल्यातरी इटलीतल्या फोटोग्राफरची साइट बघून ठेवलेली असते की भो, मला अशीच पाहिजे. मी हे काम बरीच वर्षं करतोय, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार सगळीकडचे लोक येतात, बहुतेक लग्नवाले, काही प्रॉडक्टवाले, एखादा सातपुड्यात पक्ष्यांमागं फिरणारा. नवीन पोरं विचारतात भाऊ थीम कुठली वापरता, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

थीमचं, म्हणजे साइटच्या तयार साच्याचं, आधी संपवू. साधी, पांढरी, हलणारं-उडणारं काही नसलेली कुठलीही चालते. वर्डप्रेस येत असेल तर वर्डप्रेस करा. फोटोग्राफर फोटो एडिट करायच्या लाइटरूमसाठी ॲडोबीला दर महिन्याला पैसे भरतच असेल तर त्याच्या प्लॅनमधे ॲडोबी पोर्टफोलिओ, म्हणजे त्यांचंच साइट बनवायचं साधन, आहे का ते बघा, क्रिएटिव्ह क्लाउडच्या प्लॅनसोबत ते वेगळे पैसे न देता मिळतं आणि निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. झालं, थीमवर याच्याहून जास्त वेळ घालवू नका.

खरा वेळ जायला पाहिजे तो ही साइट उघडणार कोण यावर. आपल्याकडं कोणी गूगलवर बेस्ट वेडिंग फोटोग्राफर टाकून निवांत चाळत बसत नाही, बसले तरी थोडेच. लिंक येते व्हॉट्सॲपवर, मावसभावाने पाठवलेली, आणि ती उघडते नवरीच्या मोठ्या भावाच्या फोनवर, तो तेव्हा हॉलवाल्याकडं नाहीतर केटरर्सकडं उभा असतो. त्याच्या मनात तीन-चारच प्रश्न असतात. आपल्यासारखं लग्न याने केलंय का, आपल्या गावाला येईल का, आपली तारीख मोकळी आहे का आणि साधारण किती घेईल. साइट सुधारायची म्हणजे ही उत्तरं त्याला अंगठ्याने दोनदा स्क्रोल करायच्या आत मिळाली पाहिजेत. बाकी सगळं यानंतर.

आता फोटोग्राफर तुम्हाला जे फोटो पाठवतो ते बघा. मेहरुण तलावावरचा सूर्यास्त, तोरणमाळचं धुकं, भाड्याचा लांब गाऊन, सगळं प्री-वेडिंग. फोटो सुंदर असतात, वाद नाही. पण त्या भावाच्या घरचं लग्न आहे मे महिन्यात, पारा ४४-४५ वर, साडेबाराचा मुहूर्त, वर रंगीत कापडाचा मांडव आणि त्या कापडातून गाळून आलेलं ऊन सगळ्यांच्या तोंडावर गुलाबी-पिवळं पडलेलं. त्याला भीती ही आहे की मागच्या वर्षी काकाच्या घरी आले तसे आपलेही चेहरे काळे-निळे येतील. ही भीती सूर्यास्ताच्या फोटोने जात नाही, मांडवातल्या फोटोने जाते. म्हणून मी पहिल्या भेटीत सरळ सांगतो की मला भर दुपारचा अंतरपाटाचा फोटो दे, मागं एलईडी भिंत झगमगतेय आणि तरी नवरा-नवरीचा चेहरा नीट दिसतोय असा स्टेजवरचा दे, रात्री डीजेच्या लाइटमधली वरात दे, अंगणातली हळद दे, पंगत दे. अवघड उजेडात तू काय करतोस ते दाखव. फोटोग्राफर आधी नाक मुरडतात, हे काय दाखवायचं म्हणतात, पण गिऱ्हाईक नेमकं हेच बघायला आलेलं असतं.

आणि एक पूर्ण लग्न मागून घ्या. हळदीपासून पाठवणीपर्यंत, ओळीने, चाळीस-पन्नास फोटो, त्याला वेगळं पान. सगळ्या लग्नांतले निवडक चांगले फोटो एकत्र केले की कोणीही भारी दिसतो, पण एका लग्नाचा सगळा दिवस याने सांभाळला का हे पूर्ण लग्नातच कळतं. पहिल्या पानावर मात्र बारा-पंधराच्या वर जाऊ नका. तिथं भांडण होणार, तयार रहा, कारण त्याला प्रत्येक फोटोमागची मेहनत आठवते आणि बघणाऱ्याला फक्त फोटो दिसतो. मी एक करतो, सगळे फोटो छोटे छोटे प्रिंट काढून त्याच्याच स्टुडिओतल्या टेबलवर मांडतो आणि त्याच्या बायकोला किंवा स्टुडिओत काम करणाऱ्या पोराला काढायला सांगतो. एकसारखे दोन असले की ते लगेच एक उचलतात, त्याला मात्र ते जमत नाही.

चाळीसगावचं काम असलं तर नवीन पोरांना मी केकी मूस यांचं घर बघून यायला लावतो, स्टेशनजवळच आहे, आता तिथं त्यांचं कलादालन आहे. १९१२ ते १९८९ असं त्यांचं आयुष्य, त्यातली कित्येक वर्षं याच गावात घराबाहेर न पडता काढली आणि टेबलटॉप फोटोग्राफीत नाव केलं, म्हणजे टेबलवर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड लावून, बघणाऱ्याला मोठा देखावा वाटेल असा फोटो. तिथं एकेक वस्तू कुठं ठेवलीय आणि कितीतरी गोष्टी ठेवलेल्याच नाहीत हे बघितलं की लेआउटबद्दल मी जे तासभर बडबडलो असतो ते वाचतं.

मेनूतली नावं फोटोग्राफरच्या भाषेत ठेवू नका. कॅन्डिड, फाइन आर्ट, लाइफस्टाइल असं काय काय लिहितात, लोक शोधतात लग्न, साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं. आणि ज्याच्याकडं कानबाईचे, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाचे, चांगले फोटो असतील त्याला वेगळं पान द्याच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सुरत-पुण्याला गेलेली सगळी भाऊबंदकी रोटांच्या प्रसादासाठी गावाला येते, आणि हे फोटो ते एकमेकांना पाठवत राहतात, त्यातून लग्नाची कामं येतात. ही गोष्ट इटलीच्या साइटवर सापडणार नाही.

आता मांडणी. चौकोनी ग्रिड दिसायला छान, पण त्यात फोटो आपोआप कापले जातात, उभ्या फोटोत डोकी उडतात, ग्रुप फोटोत मागच्या ओळीतल्या मामाचा फेटा जातो आणि मग तो मामाच फोन करतो. म्हणून मी फोटो त्याच्या मूळ आकारात ठेवतो, एका ओळीत सारख्या उंचीचे, डावीकडून उजवीकडं. विटांसारखी मेसनरी मांडणी सगळ्यांना आवडते, पण सीएसएस कॉलम (पानाची मांडणी ठरवणारा कोड) वापरून केली तर फोटो आधी एका कॉलममधे वरून खाली भरतात, मग दुसऱ्या, आणि लग्नाचा क्रम पार बिघडतो, हळदीच्या बाजूला पाठवणी येऊन बसते. मोबाइलवर एकाखाली एक, बस. वरचा आपोआप सरकणारा स्लायडर काढून टाका, दुसऱ्या स्लाइडपर्यंत थांबायला कोणाकडं वेळ नाही, एकच फोटो ठेवा पण दमदार ठेवा. गाणं वाजणारी साइट असेल तर ते गाणं आजच बंद करा, केटरर्सच्या दुकानात उभ्या माणसाच्या खिशातून सनई वाजली की तो पहिल्यांदा साइट बंद करतो.

काळी बॅकग्राउंड की पांढरी, हा वाद कायमचा. काळ्यावर फोटो उजळ वाटतो, पांढऱ्यावर तोच थोडा गडद वाटतो, डोळ्यांचा खेळ आहे. रात्रीच्या रिसेप्शनचे फोटो जास्त असतील तर काळी चालेल, हळद-मांडव जास्त असेल तर मी किंचित मळकट पांढरी घेतो. फक्त काळ्यावर करड्या रंगाची बारीक अक्षरं टाकू नका, अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा असं वेबचं प्रमाण आहे, आणि उन्हात फोन धरून वाचणाऱ्याला त्याच्याहून जास्तच लागतो.

रंगाचा एक प्रकार दर दुसऱ्या स्टुडिओत भेटतो. फोटोग्राफर म्हणतो माझ्या कॉम्प्युटरवर शालू लालभडक आहे आणि साइटवर विटका दिसतो, तुमचं होस्टिंग खराब. होस्टिंगचा काही संबंध नसतो. त्याने फोटो ॲडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या रंगपद्धतीत एक्स्पोर्ट केलेला असतो, साइटवरच्या प्लगइनने फाइल हलकी करताना तिच्यातली रंगाची प्रोफाइल काढून टाकलेली असते, आणि प्रोफाइल नसली की ब्राउझर फोटो एसआरजीबी, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीतला, समजून दाखवतो, मग रंग मरतात. उपाय एवढाच की एक्स्पोर्ट करतानाच एसआरजीबी निवडायचं. लाइटरूममधे लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास, क्वालिटी ७५-८०, शार्पनिंग स्क्रीनसाठी, याचा प्रीसेट करून त्याच्या मशीनवर ठेवूनच या. डीपीआय ७२ की ३०० यावर तो भांडेल, भांडू नका, स्क्रीनला फक्त पिक्सेल कळतात, दोन्ही सारखेच दिसतात.

वजनाचं सांगतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४०००, सहज ८-१० एमबी. तो तसाच चढवला आणि धडगावकडच्या, कमी नेटवर्क असलेल्या भागातल्या माणसाने उघडला तर तो अर्धा फोटो बघून निघून जाईल. फोनच्या स्क्रीनला बहुतेक वेळा १२०० पिक्सेल रुंदी पुरते, म्हणून एकाच फोटोच्या तीन साइझ करा, ८००, १२००, २०००, आणि कोडमधे सोर्ससेट (srcset) लावून त्यातली कुठली घ्यायची ते ब्राउझरला निवडू द्या. फोटोची फाइल हलकी करणारा वेबपी (WebP) फॉरमॅट सगळीकडं चालतो, एव्हीआयएफ (AVIF) अजून हलका पडतो. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे स्क्रोल करून जवळ आल्यावरच ते उतरतात, पण सगळ्यात वरच्या फोटोला लावू नका, नवीन पोरं सरसकट लावतात आणि मग मुख्य फोटोच उशिरा येतो. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमधे लिहा, नाहीतर फोटो येता येता पान खालीवर उड्या मारतं. गूगलची मोजपट्टी अशी की सगळ्यात मोठी गोष्ट २.५ सेकंदांत दिसावी, पान उड्या मारण्याचा गुण (सीएलएस) ०.१ च्या आत रहावा आणि दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्सवर तपासा, पण त्याआधी साधा स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर उघडून बघा.

लिंक व्हॉट्सॲपवर फिरणार म्हटल्यावर तिच्यासोबत दिसणारा छोटा फोटो कुठला येतो तेही तुम्हीच ठरवा. त्यासाठी कोडमधे ओपन ग्राफचा इमेज टॅग टाकायचा, फोटो १२०० बाय ६३० पिक्सेल, फाइल हलकी, आणि चेहरे मधोमध, कारण कधी कधी तो चौकोनी कापून दाखवला जातो. हा टॅग नसला तर नुसती निळी लिंक जाते नाहीतर लोगो जातो. पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्या रीडिझाइनमधलं सगळ्यात जास्त दिसणारं काम हेच.

मराठी अक्षरांचं बघा. इंग्रजीत वेडिंग लिहिताना अक्षरं लांब लांब टाकायची फॅशन आहे, तीच लेटर स्पेसिंग देवनागरीला लावली की शिरोरेघ तुटते आणि शब्द खिळखिळा होतो. शून्य ठेवा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, १.६ च्या पुढं, वरच्या-खालच्या मात्रा भिडतात नाहीतर. 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू' (Baloo) हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, दोन्ही चांगले. पानाची भाषा कोडमधे मराठी लावा, काही फॉन्टमधे तेवढ्यानेच ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

संपर्काचा फॉर्म ठेवू नका, कोणी भरत नाही. व्हॉट्सॲपचं बटण खाली चिकटून राहील असं करा आणि त्यात आधीच मजकूर टाकून ठेवा की लग्नाची तारीख, गाव, किती कार्यक्रम. रेटवर फोटोग्राफर अडून बसतात, शेजारचा स्टुडिओवाला बघेल म्हणतात. अरे भो, शेजारच्याला तुझे रेट कधीपासून माहीत आहेत. पूर्ण यादी नको, पण अमुक रुपयांपासून सुरू एवढं तरी टाकायला लावा, नुसते भाव विचारून गायब होणारे फोन बरेच कमी होतात.

वॉटरमार्क चेहऱ्यावर आडवा मारू नका, राइट क्लिक बंद करून स्क्रीनशॉट थांबत नाही. त्यापेक्षा फोटोच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलच्या आत दडलेल्या माहितीत, कॉपीराइट आणि नाव भरा, आणि जीपीएसची जागा काढून टाका, लोकांच्या घरी काढलेले फोटो असतात ते. आणि परवानगी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं सांगतं की पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देऊन फोटो काढून घेणारं गिऱ्हाईक असतं. बहुतेक फोटोग्राफर उलटं समजतात. बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्यायला लावा की निवडक फोटो साइटवर वापरायला हरकत नाही आणि कॉपीराइट कोणाकडं राहील, खाली सही. एका स्टुडिओला तयार साइटवरून एक अख्खं लग्न काढावं लागलं, मुलीकडच्यांना पटलं नाही, आणि सगळा क्रम पुन्हा लावत बसावं लागलं.

धंद्याचं शेवटी. डोमेन गिऱ्हाईकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर घ्या, ओटीपी त्याच्या मोबाइलवर गेला पाहिजे, स्वतःच्या खात्यात ठेवून त्याला अडकवायचे धंदे करू नका, आपल्या भागात गोष्ट फिरायला वेळ लागत नाही. फोटो कसे बदलायचे ते त्याला नाही, स्टुडिओतल्या पोराला शिकवा. आणि हे काम चातुर्मासात धरा, मुहूर्त नसतात, माणूस दुकानात बसलेला सापडतो, फोटो निवडायला शांतपणे बसतो. पैसे दिवाळीच्या आत घ्या, तुळशीचं लग्न लागलं की तो तुमचा फोन उचलत नसतो.