आफ्रिकन सिक्लिड एकत्र ठेवायचेत? मग या चुका टाळा

इंदूरात सिक्लिड, म्हणजे हे रंगीबेरंगी पण भांडकुदळ मासे, घ्यायला गेलात की दुकानदार हमखास एक वाक्य टाकतो, "भिया, सब साथ में रह लेंगे." राहतात ना, का नाही राहणार, दीड-दोन इंचाची पिल्लं आहेत ती, भांडायचं वयच झालेलं नाही. चार-सहा महिन्यांनी एखादा नर मोठा होतो, एक दगड पकडतो आणि बाकीच्यांना टँकच्या कोपऱ्यात नेऊन बसवतो, तेव्हा कळतं की "मिक्स आफ्रिकन"च्या टाकीतून रंग बघून बोट दाखवत आणलेले दहा मासे म्हणजे काय प्रकरण आहे. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री एकावर एक काहीही खाल्लेलं चालतं, टँकमध्ये नाही चालत.

पहिली गोष्ट म्हणजे आफ्रिकन ही काही एक जात नाही. मलावी, टांगानिका, व्हिक्टोरिया हे तीन मोठे तलाव, एकट्या मलावीतच सिक्लिडच्या शेकडो जाती, आणि क्रिबेन्सिस, ज्वेल हे तर तलावातले नाहीतच, पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांकडचे, क्रिबेन्सिसला पाणीही मऊ लागतं. ऑस्कर दक्षिण अमेरिकेतला, फ्लॉवरहॉर्न माणसाने क्रॉस करून बनवलेला, तरी एकाच रांगेत ठेवून विकतात. नवीन असाल तर एकच तलाव धरा, मलावी धरा, आणि त्यातही आधी ठरवा की एम्बुना पाहिजे की पीकॉक. एम्बुना दगडांत राहणारा, शेवाळ खरवडून खाणारा आणि तापट. पीकॉक वाळूतले किडे शोधणारा, त्यामानाने शांत. दोघं एकत्र ठेवले की बहुतेक वेळा पीकॉक दबून राहतो आणि त्याचा रंगच उघडत नाही, मग लोक म्हणतात मासा नकली दिला.

आता सगळ्यात जास्त फसवणारे दोन मासे. ऑरेटस लहानपणी पिवळाधम्मक, काळे-पांढरे पट्टे, दुकानात नजर आधी त्याच्यावरच जाते, पण नर मोठा झाला की काळपट होतो आणि छोट्या टँकमध्ये अक्षरशः जीव घेतो. दुसरा केन्यी, याची गंमत उलटी, पिल्लू आणि मादी निळी, नर मोठेपणी पिवळा, म्हणजे तुम्ही निळा मासा म्हणून आणलेला पिवळा होतो आणि शेजारच्या बिचाऱ्या येलो लॅबला, म्हणजे मुळातच पिवळ्या असलेल्या एम्बुनाला, प्रतिस्पर्धी समजून धुवून काढतो. दिसायला सारखे नर एका टँकमध्ये नकोत, जात वेगळी असली तरी. डेमासोनी हा छोटा निळा पट्टेरी एम्बुना दोन-चार आणणं हीपण चूकच, तो डझनाच्या वर तरी ठेवायचा नाहीतर अजिबात नाही.

माझं मत विचाराल तर येलो लॅब, रस्टी आणि आसेई, तिन्ही एम्बुनाच, प्रत्येकी सहा, टँक चार फुटी. चार बाय दीड बाय दीड म्हणजे साधारण 255 लिटर, पाण्याचंच वजन अडीचशे किलो, स्टँड त्या हिशोबाने घ्या. पिल्लांत नर-मादी ओळखता येत नाही म्हणून सहा, मोठे झाले की जास्तीचे नर काढायचे, एका नरामागे तीन-चार माद्या राहिल्या की मार वाटला जातो. दगड आधी काचेवर टेकवा आणि मग वाळू टाका, हे मासे खणतात आणि वाळूवर ठेवलेला दगड घसरतो.

पाण्याचं म्हणाल तर यांना पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा, 7.8 ते 8.6 चालतो, टेस्ट किटने एकदा बघून घ्या, उगाच केमिकल ओतू नका. आपल्याकडे गडबड वेगळी होते, एका आठवड्यात नळाला येणारं नर्मदेचं, दुसऱ्या आठवड्यात बोरिंगचं, मध्येच टँकर, एक काहीतरी धरा. नळाचं असेल तर अँटीक्लोरीन, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध, टाकूनच. आणि फिल्टर एक-दीड महिना सायकल केल्याशिवाय, म्हणजे त्यात अमोनिया संपवणारे जिवाणू वाढू दिल्याशिवाय, मासे सोडू नका, कारण पीएच जास्त असला की माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया जास्त विषारी ठरतो, बाकी माशांना चालून जाईल तेवढ्यात हे जातात.

खायला ट्युबिफेक्स, ब्लडवर्मसारखे किडे एम्बुनाला नको, स्पिरुलिना म्हणजे शेवाळवाले दाणे द्या. पोट फुगलं, पांढरी दोऱ्यासारखी शी लोंबतेय, दाण्याकडे बघत नाही, तर तो ब्लोट नावाचा पोटाचा आजार, त्या माशाला लगेच वेगळा करा. पण मादी खात नाहीये आणि फक्त जबडा फुगलाय तर घाबरू नका, तोंडात अंडी आहेत, तीनेक आठवडे उपाशीच राहते.

आधीच मारामारी चालू असेल तर सगळे दगड हलवा, हद्दी मोडतात आणि काही दिवस शांतता मिळते. नवीन मासे सोडायचे तेव्हाही हेच करायचं, लाइट बंद ठेवून. तरी एकच नर सगळ्यांच्या शेपट्या कुरतडत असेल तर मार खाणाऱ्याला नाही, मारणाऱ्याला बाहेर काढा, आणि दुकानात परत देऊन टाका, पैसे नाही मिळाले तरी दाण्याचा डबा मागून घ्या.