कॅथ लॅबच्या दारात औषधचाचणीचे संमतीपत्र हाती आले तर

छातीत कळ येऊन वडिलांना १०८ च्या रुग्णवाहिकेतून आणले आहे, त्यांचा चष्मा आणि चपला पिशवीत घेऊन आपण कॅथ लॅबच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून उघडण्याच्या खोलीच्या, बाहेर बाकावर बसलो आहोत, आणि डॉक्टर पॅरासिटामॉलसारख्या एका वेदनाशामक औषधाच्या चाचणीचे संमतीपत्र पुढे करतात. पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो, म्हणून काय विचारायचे ते आधीच ठाऊक असावे.

पहिला प्रश्न वेळेचा: चाचणीमुळे अँजिओप्लास्टीला, म्हणजे बंद रक्तवाहिनी उघडण्याच्या उपचाराला, उशीर होणार नाही ना? रुग्ण दाखल झाल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद रक्तवाहिनी उघडावी, असे वैद्यकीय संकेत सांगतात, आणि त्याला धक्का लागत असेल तर नि:संकोच नकार द्यावा.

मग औषधाचा हेतू समजून घ्यावा. रक्तवाहिनी उघडताच रक्तावाचून उपाशी राहिलेल्या हृदयाच्या स्नायूत रक्त एकदम शिरते. त्यानेच हृदय वाचते, पण त्याच क्षणी काही पेशींना नवी इजाही होते. ही इजा खात्रीने टाळणारे औषध अजून हाती नाही, म्हणून घरोघरी असणारी साधी औषधेही तपासून पाहावीशी वाटतात. ॲस्पिरिन हेही मूळचे वेदनाशामकच, आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत त्याने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी केले. असा पुरावा रुग्णांच्या सहभागाशिवाय उभा राहत नाही, हे मला मनापासून पटते.

औषध मिळेल की औषध नसलेले द्रव्य, हे बहुधा चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. म्हणून नेहमीचे सर्व उपचार दोन्ही गटांना मिळणार का, हे स्पष्ट विचारावे. घरी कोणती गोळी दिली होती, ते स्ट्रिप दाखवूनच सांगावे: पॅरासिटामॉल आधीच पोटात असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर डोस ठरवताना ते महत्त्वाचे असते. चाचणीचे नाव ऐकून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घरच्या घरी मात्र देऊ नये. या गोळ्यांनी हृदयविकाराचा धोका वाढतो.

संमतीपत्र मराठीत मागावे, चाचणीचा नोंदणी क्रमांक व नीतिशास्त्र समितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी पाहावी. रुग्ण शुद्धीवर असेल तर निर्णय त्याचाच. नसेल तर कायदेशीर प्रतिनिधी सही करू शकतो. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार मिळतात, आणि चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. सही केलेली प्रत मागून घ्यावी आणि तिच्यावरील संपर्क क्रमांक तिथेच मोबाइलमध्ये साठवावा.