माझा अनुभव : घरातल्या कडक भाकरीचा परवाना

शेजारणींच्या ऑर्डरी वाढल्या तसं घरच्या चुलीवरच्या ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दुकानात ठेवायचं ठरवलं. दुकानदार म्हणाले, "ताई, पाकिटावर नंबर पाहिजे." ही 2023 ची गोष्ट.

आधी नगरपालिकेत गेले. तिथं लाईट बिल मागितलं. ते अजून मामंजींच्या नावावर, आणि ते जाऊन चार वर्षं झालेली. अर्ज दोनदा परत आला. दुसऱ्यांदा तर नीट कारणही कुणी सांगितलं नाही, फार वाईट वाटलं.

मग मीच एकेक सोडवत गेले. घरपट्टीला सासूबाईंचं नाव लागलेलं होतं. ती चालू वर्षाची पावती घेतली आणि सोबत त्यांचं संमतिपत्र जोडलं. सही करताना त्यांचा हात थरथरत होता, पण अक्षर मोत्यासारखं. या दोन कागदांवर काम झालं.

खाण्याच्या पदार्थाला अन्नसुरक्षा नोंदणी लागतेच. तेव्हा वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असली की साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला 100 रुपये. फॉस्कॉस या अन्नसुरक्षा नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज घरूनच भरला. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, तर फुकट होते, एजंटाला एक रुपयाही देऊ नका. गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं म्हणाल तर तेव्हा 2017 च्या कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागायची. आमच्याकडं तर मी आणि जाऊबाई, दोघीच.

आता पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर आहे.