डेसिमल वापरूनही पैसा चुकतो? या चुका टाळा

पैशांच्या हिशेबाला फ्लोट (दशांश संख्या बायनरीत, म्हणजे ० आणि १ या अंकांत, साठवणारा प्रकार) वापरू नये, हे पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्या बहुतेकांना लवकरच कळते; मात्र दशांश संख्या जशाच्या तशा साठवणारे डेसिमल मॉड्यूल आयात केले की हिशेब आपोआप बिनचूक होतो, अशी समजूत करून घेऊन ते पुढे पळतात. त्यांचे कोड तपासताना मला त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे फ्लोटपासून डेसिमल बनवणे. डेसिमल(०.१) असे लिहिल्यावर मिळणाऱ्या संख्येत ०.१ नंतर सोळा शून्ये येतात आणि पुढे ५५५१११ असे सुरू होणारे शेपूट थेट पंचावन्नाव्या दशांश स्थळापर्यंत जाते. ०.१ बायनरीत नेमकेपणाने मावत नाही, त्यामुळे संख्या कंसात पोहोचण्यापूर्वीच बिघडलेली असते आणि डेसिमल तो बिघाड इमानेइतबारे जपून ठेवते. संख्या अवतरणचिन्हांत द्यावी, म्हणजे डेसिमल('०.१'), एवढाच यावरचा उपाय आहे.

एका घाऊक विक्रेत्याच्या बिलांत अधूनमधून एक पैसा कमी पडत असे. एका वस्तूचा दर २.६७५ रुपये होता आणि तो एक्सेलच्या फाइलमधून फ्लोट म्हणून येत होता. तीन नगांचे ८.०२५, म्हणजे ८.०३ रुपये व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ८.०२४९९… असा गुणाकार होऊन बिलावर ८.०२ छापले जाई. सम नगांचे बिल बरोबर येत असल्यामुळे चूक बरेच दिवस कोणाच्या लक्षात आली नाही. ती कळल्यावर एका उत्साही तरुणाने मूळ शोधण्याऐवजी पूर्णांकनापूर्वी प्रत्येक ओळीत ०.००२ मिळवले, तेव्हा ८.०२४ ची रक्कमही ८.०३ होऊ लागली आणि आता ग्राहक भांडायला आले. अशा ठिगळांची मला मनस्वी चीड आहे. फाइल वाचतानाच, कोणतेही गणित करण्याआधी, दराची स्ट्रिंग (अंकांचा मजकूर) करून ती डेसिमलला दिल्यावर सगळे सुरळीत झाले. मी स्वतः प्रोग्रामच्या सुरुवातीलाच फ्लोटऑपरेशनचा ट्रॅप चालू करतो, म्हणजे चुकून फ्लोट आत शिरला तर तिथल्या तिथे एरर येते.

दुसरी चूक पूर्णांकनाची. डेसिमलची मूळ पद्धत राउंड हाफ इव्हन (नेमका अर्धा उरल्यास जवळच्या सम अंकाकडे जाणे) ही आहे, तीनुसार ११२.५० चे ११२ होतात आणि ११३.५० चे ११४. आपल्याकडे केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम १७० नुसार कराच्या रकमेतील पन्नास किंवा अधिक पैशांचा पूर्ण रुपया धरायचा असतो. १,२५० रुपयांवर ९ टक्के केंद्रीय कर ११२.५० होतो, कायद्याने ११३, पण पद्धत न सांगता क्वांटाइझ (डेसिमलचे पूर्णांकन करणारी क्रिया) केल्यास ११२, आणि राज्य कराचेही तसेच. म्हणून क्वांटाइझमध्ये राउंड हाफ अप (नेमका अर्धा नेहमी वर नेणे) दर वेळी स्पष्ट लिहावे. मी त्यासाठी एकच फंक्शन ठेवतो आणि इतरत्र कोणी परस्पर पूर्णांकन केलेले दिसले की कोड परत पाठवतो.

बाकीच्या चुका किरकोळ, पण नेहमीच्या. क्वांटाइझ नवी संख्या परत देते, मूळ संख्या बदलत नाही. डेसिमलची मूळ प्रिसिजन, म्हणजे अंकांची मर्यादा, २८ असते; २८ म्हणजे २८ सार्थ अंक, दशांश स्थळे नव्हेत. शिवाय ही मर्यादा गणिताच्या उत्तराला लागते, डेसिमल बनवताना नाही. जेसॉनमध्ये (प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात त्या मजकुराच्या स्वरूपात) डेसिमल जात नाही म्हणून त्याचा फ्लोट करणे हा शुद्ध आळस आहे, स्ट्रिंग पाठवावी. डेटाबेसचा स्तंभही न्यूमरिक (नेमका दशांश साठवणाऱ्या प्रकारचा) असावा.

भागाकाराबाबत मात्र घाई करू नये. १०० रुपये तिघांत वाटताना प्रत्येकाचे ३३.३३ धरले तर एक पैसा हरवतो आणि प्रिसिजन कितीही वाढवली तरी तो सापडत नाही. पहिल्या दोघांना ३३.३३ द्यावेत आणि तिसऱ्याचा वाटा भागाकाराने न काढता वजाबाकीने काढावा, तो ३३.३४ येतो.