पीजीची ब्रांच ठरवताना हे करा

एमबीबीएसनंतर पीजीची (पदव्युत्तर शिक्षणाची) ब्रांच, म्हणजे विषय, ठरवायची खरी जागा म्हणजे इंटर्नशिपचे १२ महिने, आणि नेमके तेच आपण ‘नीट पीजी’ या प्रवेश परीक्षेच्या एमसीक्यूंमध्ये (पर्यायी प्रश्नांमध्ये) घालवतो. वेगवेगळ्या विभागांतल्या पोस्टिंग बुडवू नका यार. सर्जरीत असाल तर ऑपरेशन बघून भारावून जाऊ नका, ज्युनिअर रेसिडेंटसोबत (तिथे पीजी करणाऱ्या डॉक्टरसोबत) एक पूर्ण इमर्जन्सी ड्यूटी काढा, रात्री ३ वाजताचं ड्रेसिंग, रक्तासाठी ब्लड बँकेत फेऱ्या, सकाळी परत राऊंड, आणि एवढं होऊनही तुम्हाला तिथेच थांबावंसं वाटलं तर ती ब्रांच तुमची आहे असं मला मनापासून वाटतं.

मग प्रत्येक ब्रांचचं रोजचं काम बघा. पेशंटशी बोलायला आवडतं का? मग मेडिसिन, पीडिया (लहान मुलांचे आजार), सायकियाट्री. स्वतःच्या हाताने करायला आवडतं तर सर्जरी, ऑर्थो (हाडांचे आजार), गायनॅक (स्त्रीरोग). रेडिओलॉजीला सगळे धावतात म्हणून तुम्ही धावू नका, अंधाऱ्या खोलीत दिवसभर स्कॅन वाचायला जमेल का ते आधी बघा. पॅथॉलॉजीला उगाच कमी लेखतात, कॅन्सरचं निदान बहुतेक वेळा तिथेच पक्कं होतं.

वर्षांचा हिशोबही घाला, एमडी एमएस ३ वर्षं, पुढे कार्डिओलॉजी किंवा न्यूरोसर्जरी करायची तर डीएम किंवा एमसीएच या सुपरस्पेशालिटी पदवीची अजून ३, आणि सरकारी कॉलेजचा बाँड (शिकल्यावर करायची सक्तीची सेवा) वेगळा. घरच्यांशी हे आत्ताच बोला.

चॉइस फिलिंगला, म्हणजे प्रवेशासाठी कॉलेज आणि ब्रांचचे पर्याय भरताना, लिस्ट आवडीच्या क्रमानेच लावा, रँक बघून घाबरून खालची ब्रांच वर टाकू नका. सीट सोडायचे नियम मात्र प्रवेशाचे राऊंड सुरू व्हायच्या आधीच वाचून ठेवा.