घुम्या माणसाला इंग्रजीत काय म्हणाल?

परळला संध्याकाळी मी स्पोकन इंग्लिशचा वर्ग घेते. बँकेतले, रुग्णालयातले, दुकानातले, सगळे येतात. कोरड्या स्वभावाच्या माणसाचा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी दोनच शब्द असतात, 'रिझर्व्हड' आणि 'अ‍ॅटिट्यूड'. पहिला सभ्य आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. दुसऱ्यातून फक्त तुमचा राग कळतो.

माझी रीत साधी आहे. त्या माणसाबद्दल घरी मराठीत जे बोलाल ते आधी बोलून टाका, कुचकं असलं तरी चालेल. तो मुळातच थंड आहे? सगळ्यांशी फटकून वागतो? ताकास तूर लागू देत नाही? की हल्ली फक्त तुम्हालाच भाव देत नाही? हे ठरलं की इंग्रजी वाक्प्रचार निवडणं सोपं जातं.

सगळ्यात जास्त घोळ शेवटच्याचा होतो, म्हणून तो आधी घेऊ. 'ती मला इग्नोर मारते' हे इंग्रजीत 'शी इज गिव्हिंग मी द कोल्ड शोल्डर'. यातला 'द' खाऊ नका. हा वाक्प्रचार स्वभावाचा नाही, मुद्दाम केलेल्या वागणुकीचा आहे. आधी बरं चाललं होतं, मग काहीतरी बिनसलं आणि समोरच्याने तोंड फिरवलं, असं असेल तरच वापरा. मराठी वाक्याच्या सुरुवातीला 'हल्ली' लावून बघा. शोभलं तर 'कोल्ड शोल्डर' बिनधास्त म्हणा. जो माणूस बारा महिने तेरा काळ असाच असतो, तो कुणालाच 'कोल्ड शोल्डर' देत नसतो. नकोशा पाहुण्याला थंड मटण वाढायचे, त्यावरून हे आलं, अशी गोष्ट खूप जण सांगतात. गोष्ट चविष्ट आहे, पण तिला आधार नाही. छापलेला जुना दाखला वॉल्टर स्कॉटच्या 1816 सालच्या 'द अँटिक्वेरी' या कादंबरीत सापडतो आणि तिथे जेवणाचा संबंध नाही, नापसंती दाखवण्याचा आहे.

बारमाही थंड माणसासाठी 'अ कोल्ड फिश'. हे शिकवलं तेव्हा वरळी कोळीवाड्यातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, आमच्याकडे थंड मासळी म्हणजे बर्फातली, तिला कोण विचारतं?" अर्थ तिने बरोबर पकडला होता. मात्र हा पाठीमागे बोलायचा शब्द आहे. ईमेलमध्ये, अप्रेझलमध्ये तो अजिबात नको. सासूबद्दल तर नकोच, नातवंडं इंग्रजी माध्यमात असतात.

फटकून वागणाऱ्याला ऑफिसातही चालेल असं वाक्य हवं असेल तर 'ही कीप्स एव्हरीवन अ‍ॅट आर्म्स लेंथ' म्हणा. यात आरोप कमी आणि निरीक्षण जास्त आहे. अकाउंट्समधल्यांना हे शब्द ओळखीचे असतात, कारण आयकर कायद्यात 'आर्म्स लेंथ प्राइस' आहे, म्हणजे संबंधित कंपन्यांनी एकमेकींशी परक्यासारखा व्यवहार केला तर पडेल ती किंमत. माणसांच्या बाबतीतही तेच अंतर. 'स्टँडऑफिश' म्हणालात तर त्यात ताठ्याचा वास येतो.

ताकास तूर लागू न देणारा वेगळा. 'ही प्लेज हिज कार्ड्स क्लोज टू हिज चेस्ट.' असा माणूस भरपूर गप्पाही मारतो, फक्त फ्लॅट कितीला विकला ते सांगत नाही. त्याला भावनाशून्य ठरवू नका. ज्याच्या मनाचाच थांग लागत नाही तो 'अ क्लोज्ड बुक'. पण 'मॅथ्स इज अ क्लोज्ड बुक टू मी' याचा अर्थ मला गणितातलं ओ की ठो कळत नाही. चेहरा मख्ख असेल तर 'पोकर फेस', तो पत्त्यांच्या खेळातून आलाय.

आता माझा आवडता. वर्गातल्या एका नर्सने वॉर्डच्या सिस्टरबद्दल 'कोल्ड फिश' लिहून आणलं. पेशंट गेला, नातेवाईक रडत होते, आणि या बाई कागदपत्रं नीट पूर्ण करून पुढच्या खाटेकडे गेल्या. मी विचारलं, त्यांना काही वाटलं नसेल का? ती म्हणाली, चेंजिंग रूममध्ये त्यांचे डोळे लाल होते. मग तिथे 'शी केप्ट अ स्टिफ अपर लिप' हवं. भावना आहे, पण ओठ थरथरू दिला नाही. हा इंग्रजांचा खास गुण समजतात, गंमत म्हणजे सुरुवातीचे छापील दाखले अमेरिकेतले आहेत.

'हार्ट ऑफ स्टोन' दयामाया नसलेल्यासाठी राखून ठेवा. 'आइस क्वीन' मी वहीतून खोडायला लावते, कारण तसाच वागणारा पुरुष 'प्रोफेशनल' म्हणवला जातो.

आणि तो माणूस पुढे खुलला तर? 'ब्रेक द आइस' तिथे बसत नाही, ते अनोळखी माणसांत पहिल्यांदा बोलणं सुरू करण्यासाठी आहे. मनातलं सांगू लागला तर 'ही इज ओपनिंग अप', आणि हळूहळू तुमच्याशी जवळीक वाटू लागली तर 'शी इज वॉर्मिंग अप टू मी'. शेवटचं 'टू मी' गाळलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, बाई शिवाजी पार्कात धावण्याआधी हातपाय मोकळे करतायत.